प्रश्न कोणी विचारायचा?

‘जिज्ञासा’ हा शब्द संस्कृत व्याकरणातील एका साध्या सोयीतून घडला आहे. धातूला ‘सन्’ हा प्रत्यय लागला की त्या क्रियेची इच्छा असा अर्थ निघतो; ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून पिण्याची इच्छा ती ‘पिपासा’, आणि ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, त्यावरून जाणण्याची इच्छा ती ‘जिज्ञासा’. तहान आणि जाणण्याची ओढ या दोहोंना एकाच साच्यात बसवणारी ही भाषा उदार वाटते, परंतु रोजच्या मराठीचा कल तितका उदार नाही. मुलगा चौकस असला तर त्याचे कौतुक होते आणि तीच चौकशी मोठ्यांना अडचणीची ठरली की तो भोचक ठरतो. स्त्रीने विचारले तर ती नसती उठाठेव होते. आणि निष्फळ, नको तितक्या खोलात जाणाऱ्या विचारपुशीला मराठीने ‘चांभारचौकशी’ असे नाव देऊन तिची टिंगल एका कष्टकरी जातीच्या माथी मारली आहे. कोणाच्या प्रश्नाला जिज्ञासा म्हणायचे आणि कोणाच्या प्रश्नाला आगाऊपणा, हे प्रश्नाच्या आशयापेक्षा विचारणाऱ्याच्या पायरीवरून ठरत आले, याची साक्ष शब्दकोशच देतो. मराठी मुलखातील शिक्षणाचा इतिहास या बाजूने वाचला, म्हणजे काय शिकवले गेले यापेक्षा प्रश्न कोणी विचारायचा हे पाहत वाचला, तर त्यातील बऱ्याच ओळखीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

त्यासाठी मानसशास्त्राने जिज्ञासेविषयी काय सांगितले आहे ते थोडक्यात पाहणे सोयीचे ठरेल. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये जिज्ञासेचे दोन प्रकार वेगळे केले. नवा आवाज, नवा रंग, अनोळखी वस्तू यांकडे लक्ष वळते आणि सवय होताच ओसरते, ते संवेदनांच्या पातळीवरचे कुतूहल. माणसाबरोबर उंदरामांजरांतही ते आढळते. दुसरा प्रकार ज्ञानविषयक जिज्ञासेचा, जो उत्तर मिळेपर्यंत माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्ये या दुसऱ्या प्रकाराची अधिक नेमकी उपपत्ती मांडली: माणसाला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्या दोहोंमधील फट त्याच्या लक्षात आली की ती टोचू लागते, आणि ते टोचणे म्हणजेच जिज्ञासा. या मांडणीतून निघणारा निष्कर्ष वरकरणी उलटा वाटतो. ज्याला एखाद्या विषयातले काहीच ठाऊक नाही त्याला फट दिसतच नाही, म्हणून त्याला जिज्ञासाही होत नाही. थोडे ठाऊक असणे ही जिज्ञासेची पूर्वअट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये असेही दाखवले, की ज्या प्रश्नाचे उत्तर जाणून घेण्याची उत्कंठा आहे त्याची वाट पाहत असताना समोर आलेले असंबद्ध चेहरेसुद्धा माणसाच्या अधिक लक्षात राहतात, म्हणजे जिज्ञासा जागी असताना स्मरणाचे दारच काहीसे अधिक उघडे असते.

या प्रयोगांहून या लेखाच्या विषयाला अधिक जवळचे असे एक निरीक्षण बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांचे आहे. त्यांनी चार वर्षांच्या आसपासच्या तीस इंग्लिश मुलींचे घरातील आणि बालशाळेतील बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि १९८४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि शाळेत बाईंना अवघे दोन. शाळेत प्रश्नांची कमतरता नव्हती. ते बाई विचारीत होत्या. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ज्याला माहीत नाही त्याला प्रश्न विचारायचा, ही शाळा नावाच्या संस्थेची मोठी विचित्र रीत आहे आणि ती सवयीने इतकी मुरली आहे, की तिच्यातील विचित्रपणा सहसा जाणवत नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेत रीत याच्या उलट होती, निदान कागदावर. पूर्वमीमांसा आणि वेदान्त या दोन्ही दर्शनांची सूत्रे जिज्ञासेच्या उच्चारानेच सुरू होतात; उपनिषदांत शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो; भाष्यग्रंथांत तर प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्याच बाजूने, जमेल तितका सबळ करून मांडायचा आणि मग त्याचे खंडन करायचे, या ‘पूर्वपक्षा’च्या पद्धतीला शास्त्रीय लेखनाचा कणाच मानले गेले. परंतु या दालनाला उंबरठा होता. वेदान्ताच्या ग्रंथाला आरंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्या लागत, त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणत, आणि त्यांतील पहिली ‘अधिकारी’, म्हणजे हे जाणू इच्छिण्यास पात्र कोण ही असे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आणि इतिहासपुराणांची वाट तेवढी मोकळी ठेवली. जाणण्याच्या इच्छेला एवढा मान देणाऱ्या परंपरेनेच ती इच्छा कोणाला असावी याचे नियमही केले, हा विरोधाभास मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभापासून खुपत आलेला आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या गीताटीकेत, वेद संपन्न खरा पण तीनच वर्णांशी बोलण्याइतका कंजूष, अशा आशयाची तक्रार आहे, आणि गीतेच्या रूपाने तो कंजूषपणा भरून निघाला असे तिथे सुचवलेले आहे.

गावातली पंतोजीची शाळा या सगळ्यापासून दूर होती. तिला ना ब्रह्माची चौकशी करायची होती ना धर्माची. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पेशवाई संपली आणि कंपनी सरकारने नव्या मुलखाची माहिती गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातील देशी शाळांची पाहणी झाली. तिच्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी नोंदले गेले. बहुतेक शाळा पंतोजीच्या ओसरीवर, देवळात किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यात भरत. पंतोजीला वेतन थोडके, काही रोख आणि काही शिध्याच्या रूपाने, सणावारी मिळे. मुलगा शाळेत जायचा तो ओनामा गिरवायला: लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे, पाटी हलवली की अक्षर मोडायचे आणि पुन्हा काढायचे. धूळपाटीवर हात बसला की बोरू आणि कित्ता, मग मोडी आणि शेवटी पत्रांचे व खतांचे नमुने.

या शाळेचा खरा गाभा मात्र उजळणी हा होता. अंक, पाढे, त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, हे सगळे सुरात घोकायचे आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर परवचा म्हणून पुन्हा म्हणायचे. सात सव्वा म्हणजे पावणेनऊ आणि आठ औट म्हणजे अठ्ठावीस, हे मुलाच्या तोंडून श्वासासारखे निघाले पाहिजे, अशी अपेक्षा होती, आणि तिला व्यवहाराचा भक्कम आधार होता. सव्वा रुपयाला मण या भावाने सात मण धान्याची किंमत कागद न घेता सांगता येणे ही बाजारातली आणि वसुलीतली रोजची गरज होती. माप, वजन आणि नाणे या तिन्हींची वाटणी पाव, अर्धा, पाऊण अशीच होत असे, म्हणून अपूर्णांकांचे पाढे हे त्या व्यवहाराचे हत्यार होते. घोकंपट्टीचा उपहास करणे नंतरच्या सुधारकांना सोपे गेले, पण लोवेनस्टाइनच्या मांडणीकडे पाहिले तर पंतोजीच्या शाळेवरचा खरा आक्षेप पाठांतराचा उरत नाही. पाठांतराने ‘थोडे ठाऊक असणे’ ही जिज्ञासेची पूर्वअट उलट पुरी होत होती. उणीव एवढीच होती, की औटकी तोंडपाठ असलेल्या मुलाला तिच्यातील फट कोणी दाखवत नव्हते: दिडकी आणि दोनचा पाढा जोडला की औटकी का निघते, हा प्रश्न उजळणीच्या सुरात कुठेच बसत नव्हता. प्रश्न विचारला तर छडी, असा नियम असण्याचेही कारण नव्हते. प्रश्नासाठी त्या दिनक्रमात जागाच ठेवलेली नव्हती.

जागा होती ती शाळेच्या बाहेर, आणि शिक्षणाच्या इतिहासांत तिची दखल जवळजवळ घेतली गेलेली नाही. कोडे, हुमाण, उखाणा ही सगळी फट मुद्दाम पाडण्याची तंत्रे आहेत. लग्नात नाव घेण्यापुरता उरलेला उखाणा मुळात कोड्याचाच प्रकार: ओळखीच्या वस्तूचे वर्णन असे करायचे की ऐकणाऱ्याला सगळे तपशील ठाऊक असावेत आणि तरीही वस्तू ओळखू येऊ नये. ज्ञात आणि अज्ञात यांचे जे प्रमाण मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जुळवतात, ते जात्यावर बसलेल्या बाईला अनुभवाने ठाऊक होते. फार सोपा उखाणा कोणी घालत नाही आणि ज्याचा ठावच लागत नाही असा उखाणा कोणी दुसऱ्यांदा ऐकत नाही. याच कौशल्याचे सार्वजनिक रूप म्हणजे भेदिक शाहिरी. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे आणि तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर उभे राहत, एकाने पुराणातले किंवा अध्यात्मातले कूट सवालात घालायचे आणि दुसऱ्याने त्याचा भेद जवाबात फोडायचा, नाही फोडता आला तर हार मानायची. रात्र रात्र चालणाऱ्या या सवाल-जवाबांत श्रोत्याची उत्कंठा ताणून धरणे हीच कला होती, आणि त्या ताणात सृष्टीची उत्पत्ती, पिंड-ब्रह्मांडाची तत्त्वे, पुराणांच्या वंशावळी असे कितीतरी ज्ञान अक्षरशत्रू माणसांच्या डोक्यात जाऊन बसत होते. शाहिरांमध्ये सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार; फडावर उभे राहायला अनुबंधचतुष्टयातील अधिकारी असणे आवश्यक नव्हते, सवाल सुचणे पुरेसे होते. रंजन म्हणून ज्याला पंडितांनी आणि पुढे इंग्रजी शिकलेल्यांनीही खालचे स्थान दिले, ते जिज्ञासेच्या बाबतीत मराठी मुलखातील सर्वांत खुले विद्यापीठ होते असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

कंपनीच्या अमदानीत शाळा बदलल्या त्या प्रथम व्यवस्थेच्या अंगाने. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मराठी पुस्तके छापली, शिक्षक तयार केले आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची, विलायतेत बेल आणि लँकेस्टर यांच्या नावे गाजलेली पद्धत आणली. यातली गंमत अशी, की अँड्र्यू बेल याला ही पद्धत सुचली ती मद्रासेत असताना, मलबारी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून. इथली धूळपाटी इंग्लंडला जाऊन आली आणि नवी विद्या म्हणून परत उतरली. शिक्षकाचा खर्च वाचला, पण मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा या फेरीत कुठेच वाढली नाही.

ती वाढली छापखान्यामुळे, आणि आधी मोठ्यांसाठी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ सुरू केले; दुसरे मासिक भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांना वाहिलेले होते. गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. त्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांनी साहित्य आणि विज्ञान यांच्या चर्चेसाठी सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक मंडळी म्हणून व्याख्याने देऊ लागल्या. या घडामोडींचे श्रेय यथायोग्य दिले गेले आहे, म्हणून त्यांच्यावर येथे रेंगाळण्याचे कारण नाही. मात्र पत्राला पत्र लिहून, छापलेल्या मताला हरकत घेणारा वाचक ही जी नवी व्यक्ती निर्माण झाली, ती मुख्यतः उच्चवर्णीय, पुरुष आणि शहरी होती, हे नमूद करणे भाग आहे.

या चौकटीला पहिला मोठा तडा गेला तो १८५५ मध्ये, आणि तो शाळेच्या बाकावरून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि पुढे महार-मांग मुलांसाठी शाळा चालवल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने आपल्या आणि महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने तो फेब्रुवारी-मार्च १८५५ च्या अंकांतून छापला. निबंधाचा गाभा एका प्रश्नात आहे. वेद केवळ ब्राह्मणांचे आणि ते पाहण्याचा अधिकार इतरांना नाही, असे असेल तर मांग-महारांना धर्मपुस्तकच नाही आणि म्हणून धर्मही नाही असेच ठरते. मग त्यांनी कोणत्या धर्माचे म्हणवून घ्यायचे? ज्ञानेश्वरांनी तक्रार करून मिटवलेली गोष्ट साडेपाचशेहून अधिक वर्षांनी एका शाळकरी मुलीने उलटतपासणीला घेतली. तिच्या युक्तिवादाची रचना पाहण्यासारखी आहे: अधिकाराचा नियम ती नाकारत नाही, तो जसाच्या तसा खरा धरते आणि त्याचा शेवट कुठे होतो ते दाखवते, म्हणजे शास्त्रार्थातील पूर्वपक्षाची पद्धतच, ज्यांना ती शिकण्याची बंदी होती त्यांच्या मुलीच्या हातून. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि १८७३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातच त्यांनी सत्याचे ‘शोधक’ हा शब्द घातला. सत्य सांगणारे पुष्कळ होते, शोधण्याचा हक्क मागणारे नाव तोवर क्वचितच कोणी घेतले असेल.

दुर्दैवाने सरकारी शिक्षण याच काळात उलट दिशेने चालले होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, मॅट्रिकची परीक्षा आली, आणि शतकाच्या उत्तरार्धात शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर देण्याचा प्रघात पडला. खेड्यातील शाळेत या व्यवस्थेचे मूर्त रूप म्हणजे तपासणीला येणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, लोकांच्या तोंडचे ‘दिपोटी’. त्यांच्या आगमनाआधी शाळा सारवली जायची, मुलांची डोकी तेल लावून चोपडली जायची आणि ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे आठवडाभर घोटून घेतली जायची, कारण एका मुलाच्या अडखळण्याची किंमत मास्तरांच्या पगारापर्यंत पोचू शकत होती. प्रश्न ही आता हाताशी घ्यायची वस्तू राहिली नाही, चुकवायची वस्तू झाली. आजच्या ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांचे कुळ इथेच सापडते. परीक्षेत येणारा प्रश्न आधीच कळावा ही या देशातील विद्यार्थ्याची एकमेव परवानाधारक जिज्ञासा आहे.

या काळात ट्रेनिंग कॉलेजांतून एक नवी कल्पना आलीही होती, पण तिची गत बोलकी आहे. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी याने शब्दाआधी वस्तू, असा आग्रह धरला होता: मुलाने काच हातात घ्यावी, तिच्यातून पाहावे, ती फोडावी आणि मग तिच्याविषयी बोलावे. इंग्लंडमार्गे ही पद्धत शिक्षकांच्या टाचणात येईपर्यंत तिचा ‘वस्तुपाठ’ झाला. मास्तरांनी काचेचा तुकडा उंच धरायचा, ‘काच कशी आहे?’ असे विचारायचे आणि वर्गाने एका सुरात ‘पारदर्शक’ म्हणायचे. मराठीत तर वस्तुपाठ या शब्दाचा अर्थच सरकत सरकत ‘अनुकरणीय उदाहरण’ असा झाला. जी वस्तू उलटून-पालटून तपासायची होती, ती नमुना म्हणून समोर ठेवून गिरवायची झाली, म्हणजे शेवटी कित्ताच.

तपासण्याचा अधिकार मुलाच्या हाती खऱ्या अर्थाने देणारे साहित्य आले ते मारिया माँटेसरी यांच्याकडून. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यातील दट्ट्यांचा ठोकळा जवळून पाहण्याजोगा आहे. लांबट लाकडी ठोकळ्यात दहा खोबणी, त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला उचलायला वर लहानशी मूठ. दट्टे बाहेर काढून मिसळायचे आणि पुन्हा आपापल्या खोबणीत बसवायचे, एवढेच काम. अडीच-तीन वर्षांचे मूल एखादा बारीक दट्ट्या मोठ्या खोबणीत टाकते. तो सहज जातो, कोणी काही बोलत नाही, मूल पुढे जाते. अडचण शेवटी उभी राहते: हातात जाडा दट्ट्या उरलेला आणि समोर बारीक खोबण उरलेली. चूक बाईंनी सांगितलेली नाही, ठोकळ्यानेच सांगितली आहे, आणि कुठे चुकले हे शोधल्याशिवाय तो उरलेला दट्ट्या खाली ठेववत नाही. लोवेनस्टाइनने ज्या फटीची गोष्ट पुढे केली ती इथे शब्दशः लाकडात कोरलेली आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती वर्गातून बाजूला झाली आणि प्रश्न मात्र राहिला, ही या साहित्याची करामत.

भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ते माँटेसरींच्या वाचनातून. तिथे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १८९२ मध्ये जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी केसकर कुटुंबातील या पदवीधर बाई राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या होत्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि पुढे दादरला शिशुविहार उभारले. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या, युद्धामुळे अडकून पडल्या आणि अनेक वर्षे भारतात शिकवत राहिल्या. शहरी मध्यमवर्गात बालमंदिरे रुजली. रुजताना त्यांत एक नवी सोवळी वृत्तीही आली: महागडे साहित्य, ते ठेवायची ठरलेली फळी, ते हाताळायची ठरलेली रीत. दट्टे आले, पण ज्यांच्या घरी चुलीशिवाय लाकूड नाही त्या मुलांचे काय, हा प्रश्न मागे राहिला.

तो ताराबाईंनी उतारवयात हाती घेतला. १९४५ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि त्यात त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९१० मध्ये जन्मलेल्या, बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य वाट्याला आलेल्या, शिक्षिकेची नोकरी करत मॅट्रिक झालेल्या अनुताई तिथून पुढे आयुष्यभर त्याच परिसरात राहिल्या. काही वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. बोर्डीला आणि कोसबाडला साहित्य आले ते किनाऱ्यावरून आणि रानातून: शिंपले, शंख, खडे, चिंचोके, बिया, पाने. शिंपल्यांची आकारानुसार मांडणी करताना मूल तेच करत होते जे रोममधले मूल दट्ट्यांशी करत होते, आणि हरवलेला शिंपला दुसऱ्या दिवशी फुकट मिळत होता.

साहित्याहून मोठी अडचण निघाली ती वेळेची आणि जागेची. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. तिला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. वारल्यांची थोडी मोठी मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणावर गेले, ती ‘कुरणशाळा’. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, तिला ‘विकासवाडी’ म्हटले गेले, कारण धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत येऊ शकत होती. कुरणशाळेचा उल्लेख बहुधा सोयीची युक्ती म्हणून होतो. पण तिच्यात वर्गातील अधिकाराचा तराजू हलला होता, हे तिचे खरे वैशिष्ट्य. गवताचे प्रकार, झाडांची नावे, पाखरांची घरटी, जनावरांच्या सवयी यांत ठाऊक असलेला तो गुराखी मुलगा आणि अनभिज्ञ तो शिक्षक. अशा ठिकाणी शिक्षकाने विचारलेला प्रश्न खरा प्रश्न असतो, कारण त्याला उत्तर माहीत नसते, आणि आपल्या ज्ञानाला किंमत आहे हे कळलेले मूल स्वतःचा प्रश्न काढायला फार वेळ लावत नाही.

अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते उचलले, आणि आज खेड्यापाड्यांत तो शब्द उच्चारला की पोषण आहार, लसीकरण, वजनकाटा आणि सेविकेच्या हातातील नोंदवह्यांचा गठ्ठा डोळ्यांपुढे येतो. भुकेल्या मुलाला आधी जेवण हवे याबद्दल वाद होऊ शकत नाही. तरीही शिंपले आणि चिंचोके त्या शब्दातून केव्हा गळून पडले हे कोणाच्या ध्यानात आले नाही, एवढी नोंद इतिहासाने करायला हवी.

प्रश्न मुलाकडे सोपवण्याचा याहून धाडसी प्रयत्न महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात झाला. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत १९७२ मध्ये विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, ज्यात मुले गटाने प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत लिहीत, उत्तरे पुस्तकात छापलेली नसत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची परवानगी असे. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात पूर्वी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांचे या कामाशी जुने नाते. या कार्यक्रमाने ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुलांनी त्याला पत्र लिहायचे, मनात येईल ते विचारायचे, आणि सवालीरामने प्रत्येकाला उत्तर पाठवायचे. पत्रे खेड्यांतून येत, शाईने लिहिलेली, शुद्धलेखनाची पर्वा न केलेली. उत्तर देणाऱ्यांना कित्येकदा ग्रंथालय आणि प्रयोगशाळा धुंडाळावी लागे. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. सवालीरामचे सदर मात्र ‘शैक्षणिक संदर्भ’ या हिंदी नियतकालिकात चालू राहिले, आणि त्याच नावाचे मराठी भावंड पुण्यातून निघू लागले.